संगणकातला 'ध'चा 'मा'

बोरिवली पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एका इमारतीच्या तळघरात २००१-०२च्या सुमारास एक सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या आडोशांमध्ये दहा-बारा संगणक, भिंतीवर एकच कुरकुरणारा पंखा आणि दारात चपलांचा ढीग. ई-मेल पाहायला आलेला माणूस तिथे पाहुण्यासारखा बसायचा, कारण संध्याकाळी सहानंतर ती जागा शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या ताब्यात असे. संगणक एकमेकांना जोडून ती 'एज ऑफ एम्पायर्स' खेळत. चार जण आले तर दोन विरुद्ध दोन, आणि तीनच आले तर तिघे मिळून यंत्राविरुद्ध. माझा भाचा त्या टोळीतलाच. त्याला घरी न्यायला मी गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडायचे : "मामा, कॉम्प्युटर चीटिंग करतो."

तेव्हा मी हसत असे. पुढे वाचनात आले, की पोरगा खरेच बोलत होता. त्या खेळाच्या सर्वांत अवघड पातळीवर संगणकाला लाकूड, धान्य, सोने, दगड यांची फुकटची रसद मिळत असे. यंत्र माणसापेक्षा शहाणे झालेले नव्हते. त्याच्या कोठारात कोणीतरी गुपचूप पोती आणून टाकत होते, इतकेच. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या क्षेत्रात पहिल्यांदा रस वाटला तो इथे. खोटा शत्रू घडवताना तो किती ताकदीचा, किती चिडका, किती दगाबाज ठेवायचा, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. त्या ठरवण्याचा इतिहास असतो आणि इतिहास म्हटला की त्यात दंतकथाही आल्याच.

यातली सर्वांत गाजलेली दंतकथा मला त्याच भाच्याने २०१४ साली ऐकवली. तोवर तो अंधेरीला सीप्झमध्ये नोकरीला लागला होता. नव्या प्रोग्रामरांच्या प्रशिक्षणवर्गात त्यांच्या शिक्षकाने सांगितलेली गोष्ट तो जेवताना रंगवून सांगत होता. ती अशी. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज या अमेरिकन कंपनीसाठी १९९१ साली 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ तयार केला. इसवी सनापूर्वी ४००० वर्षे या काळात एक वस्ती वसवायची आणि तिथून अंतराळयुगापर्यंत राष्ट्र न्यायचे. त्यात चौदा संस्कृती आणि चौदा नेते : रोमनांचा सीझर, मंगोलांचा चंगीझखान, रशियनांचा स्टालिन, अमेरिकनांचा लिंकन आणि भारतीयांचे गांधी. प्रत्येकाच्या आक्रमकतेला एक आकडा. गांधींचा अर्थातच सर्वांत कमी, म्हणजे एक. राष्ट्राने लोकशाही स्वीकारली की आक्रमकता दोनने उतरे. एकातून दोन गेले, उरला उणे एक. पण संगणकाच्या त्या खान्यात उणे संख्या मावत नव्हती. त्यामुळे आकडा उलटा फिरला आणि २५५ झाला. लोकशाही येताच अहिंसेचा पुजारी जगावर अणुबॉम्ब टाकत सुटला!

ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांनी जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा आठवावा. पाचही घरांत शून्य असताना चाक उलटे फिरवले तर उणे एक दिसत नाही, ९९९९९ दिसतात. संगणकाच्या आठ घरांत फक्त शून्य किंवा एक बसतो, त्यामुळे एकूण २५६ मांडण्या होतात. त्यांचा अर्थ शून्य ते २५५ असा लावता येतो किंवा उणे १२८ ते १२७ असाही. पहिला अर्थ लावला असेल तर शून्याखाली उतरताच माणूस थेट माथ्यावर पोहोचतो. गणित बिनचूक आहे, आणि म्हणूनच गोष्ट इतकी पटते.

मला मात्र ती ऐकताक्षणी शनिवारवाडा आठवला. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी सुमेरसिंग गारद्याला दिलेल्या लेखात 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही कथा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ग्रँट डफने १८२६च्या आपल्या इतिहासातही ती नोंदवली आहे. अक्षर बदलले की नाही आणि बदलले तर कोणाच्या हाताने, यावर पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. पण कथेची ताकद पुराव्यात नाहीच, ती तिच्या आटोपशीरपणात आहे. गारद्यांचा थकलेला पगार, वाड्यातली फितुरी, चुलत्या-पुतण्यातला सत्तेचा झगडा हे सगळे समजून घ्यायला डोके लागते. एक अक्षर समजायला काही लागत नाही. शिवाय एका अक्षरावर खून ढकलला की बाकीचे सारे सुटतात. गांधींच्या बॉम्बची कथा हा त्याचाच संगणकी अवतार. इथेही एक अक्षर उलटले आणि रक्तपात झाला, आणि दोष कोणाचाच नाही.

म्हणून मूळ कागद पाहावेत असे ठरवले. साक्षीदार हयात होते ही या विषयातली मोठी सोय.

सर्वांत आधी खेळाचा दुसरा भाग घडवणारा ब्रायन रेनल्ड्स. त्याच्या सांगण्याप्रमाणे आक्रमकतेच्या पायऱ्या मुळात तीनच होत्या. गांधी सर्वांत खालच्या पायरीवर होते हे खरे, पण त्या पायरीवर ते एकटे नव्हते. जवळजवळ एक तृतीयांश नेते तिथेच होते. आणि समजा चुकून आकडा २५५ झालाच असता, तरी तिसऱ्या पायरीच्या वर जायला जिनाच नव्हता. चंगीझखानापेक्षा जास्त भांडखोर होण्याची सोय त्या खेळात कोणालाच नव्हती. मग खुद्द सिड मायर. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हा विषय कायमचा निकालात काढला. नेत्यांच्या स्वभावासाठी ऋण संख्या नाकारणारे खाने त्याने वापरलेच नव्हते. ज्या सी भाषेत खेळ लिहिला, तिच्यात पूर्णांक मुद्दाम वेगळे सांगितल्याशिवाय उणे संख्या बिनतक्रार सामावून घेतो. आणि राज्यपद्धती बदलल्याने संगणकाच्या नेत्याची आक्रमकता बदलतच नव्हती. म्हणजे कथेचे दोन्ही खांब, लोकशाही आणि उलटलेला आकडा, मुळात उभेच नव्हते.

मग ही गोष्ट आली कुठून? माग काढणाऱ्यांना सर्वांत जुनी नोंद सापडली ती २०१२ सालची. कोणा अनामिकाने एका सार्वजनिक संकेतस्थळावर, कसलाही पुरावा न देता, २५५चा हा हिशेब लिहून ठेवला. खेळ १९९१चा, त्याच्यातल्या कथित चुकीची पहिली बातमी एकवीस वर्षांनंतरची! बखरींचा अभ्यास केलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. घटना एका पिढीतली, तपशील पुढच्या पिढीतला, आणि तपशील जितका उशिरा येतो तितका नेमका असतो. बोरिवलीच्या तळघरात 'सिव्हिलायझेशन' खेळणारी दोन-तीन मुले होती. गांधीसुद्धा अणुबॉम्बची धमकी देतात म्हणून ती खिदळत, एवढे मला आठवते. २५५ हा आकडा मात्र त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही.

धमकी खरी होती. त्या खेळात ज्याच्यापाशी अण्वस्त्रे असत तो प्रत्येक नेता वाटाघाटीत त्यांचा धाक घाली. गांधींचा भारत शांतताप्रिय असल्याने त्याचा पैसा युद्धांऐवजी विज्ञानाकडे वळे. त्यामुळे तो अणुयुगात इतरांच्या आधी पोहोचण्याची शक्यता जास्त. धमकी लिंकनही देई, पण लिंकनची धमकी कोण लक्षात ठेवतो? पंचा नेसलेली, चष्मा लावलेली मूर्ती पडद्यावर येऊन बॉम्बची भाषा करते ते मात्र विसरता येत नाही. स्मरणशक्तीने इथे निवड केली आणि मग त्या निवडीला साजेसे कारण कोणीतरी शोधून दिले.

गोष्टीचा सर्वांत गमतीचा भाग पुढे आहे. २०१०मध्ये या मालिकेचा पाचवा भाग आला. त्याचा मुख्य रचनाकार जॉन शेफर. या भागात प्रत्येक नेत्याच्या स्वभावाचे पुष्कळ आकडे आहेत. ते साधारण एक ते दहा या मापातले असतात आणि दर डावाला त्यांत दोन इकडे किंवा दोन तिकडे असा फेर पडतो, म्हणजे तोच नेता दर वेळी अगदी तसाच वागत नाही. अण्वस्त्रे वापरण्याच्या रकान्यात शेफरने गांधींसमोर मुद्दाम बारा लिहिले. बारातून दोन गेले तरी दहा, म्हणजे पट्टीचे शेवटचे टोक. ही त्याने केलेली थट्टा होती आणि त्याने ती कबूल केलेली आहे. २०१६च्या सहाव्या भागातही गांधींच्या छुप्या स्वभावात अणुबॉम्बची आवड इतर कोणापेक्षा जास्त वेळा येईल अशी तरतूद केली गेली. तेव्हा चुकून झालेला बॉम्ब कधी नव्हताच, जाणूनबुजून केलेला होता. आधी थट्टा झाली, मग तिला शोभेसा भूतकाळ जोडला गेला.

इथपर्यंत एका दंतकथेचा निकाल लागला. पण तिच्यामागचा प्रश्न राहतोच : संगणकाचा शत्रू खरोखर कसा घडवतात?

अडाण्याचे उत्तर, जे माझेही होते, ते असे की अवघड पातळीवर यंत्र जास्त विचार करत असेल. बुद्धिबळात ते बऱ्याच अंशी खरे आहे. चौसष्ट घरे, बत्तीस सोंगट्या आणि सगळा पट दोघांनाही उघडा. यंत्राला आणखी चार चाली पुढचे पाहू दिले की ते जास्त बलवान होते. राज्य चालवण्याच्या खेळात ही युक्ती चालत नाही. शेकडो गावे, हजारो सैनिक, अर्धा नकाशा अंधारात. तिथे यंत्राची अक्कल वाढवणे फार कठीण आणि त्याचे माप वाढवणे फार सोपे. म्हणून १९९१पासून बहुतेकांनी तोच मार्ग धरला. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये सर्वांत सोप्या पातळीवर शहरातले पहिले सहा नागरिक आपसूक समाधानी असत. सर्वांत अवघड पातळीवर फक्त दोन. पुढचे सगळे कुरकुर करायला मोकळे. शत्रू तेवढाच राहतो, तुमची प्रजाच जास्त नाराज होते. उलट बाजूला संगणकाला बांधकाम स्वस्त, संशोधन स्वस्त. २००५च्या चौथ्या भागात मधली एक पातळी अशी ठेवली, की तिथे दोन्ही बाजूंना माप सारखे. त्या भागाचा मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन याने २००८ साली या विषयावर एक व्याख्यान दिले. त्याच्या शीर्षकाचा मथितार्थच 'हरण्यासाठी खेळणे' असा होता. यंत्र चांगले खेळावे की यंत्राशी खेळताना माणसाला मजा यावी, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने तिथे स्वच्छ मांडले.

खुद्द मायरने २०१०मध्ये सांगितलेला एक अनुभव तर मानसशास्त्राच्या पुस्तकात जावा असा आहे. खेळात लढाईआधी दोन्ही बाजूंचे बळ दाखवले जाई. तीनास एक असे बळ असताना माणूस हरला की तो चिडे. चार लढायांत एक हरणे हा हिशेब त्याला मान्यच नसे. तीन म्हणजे खूप मोठे, आपण जिंकायलाच हवे. मात्र एकास तीन अशा पडत्या बाजूने तो स्वतः जिंकला की तक्रार नाही, तो त्याच्या सेनापतित्वाचा विजय! शेवटी मायरने हिशेबच माणसाच्या बाजूने वाकवला. लागोपाठ दोनदा दुर्दैव ओढवू नये याचीही काळजी घेतली. संगणक फसवतो अशी ओरड करणारी मुले बरोबर होती, पण अर्धीच. संगणक त्यांच्या बाजूनेही फसवत होता. त्याची तक्रार मात्र त्या तळघरात मी कधी ऐकली नाही.

आपल्याकडच्या जुन्या खेळांनी हा प्रश्न उघडपणे सोडवला होता. घाटाच्या पायऱ्यांवर, देवळाच्या ओट्यावर, किल्ल्यांच्या कातळावर वाघ-बकरीचे पट कोरलेले सापडतात. वाघ थोडे आणि बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून खातो, बकऱ्या घेरून कोंडतात. दोन्ही बाजूंचे बळ वेगळे, स्वभाव वेगळा, आणि तरीही खेळ रंगतो, कारण विषमता पटावर उघडी मांडलेली असते. बुद्धिबळातही उस्ताद शिकाऊ गड्याला आपला एखादा मोहरा आधीच काढून देई. सवलत होती, पण ती दोघांच्या डोळ्यांसमोर. कोठारात रात्री पोती टाकण्याचा प्रकार यंत्रासोबत आला.

असे म्हणताना मी जरा घाई करतो आहे, कारण यंत्राच्याही आधी हा प्रकार करणारी माणसे होती. प्रशियात थोरल्या राइसवित्झने १८१२ साली राजाला युद्धाचा खेळ दाखवला आणि त्याच्या मुलाने १८२४मध्ये त्याचे नियम पक्के केले. नकाशा, ठोकळे, फासे आणि मध्ये पंच. हा खेळ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी होता, करमणुकीसाठी नव्हे. पुढे १८७६मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्न्वा याने फासे आणि तक्ते बरेचसे बाजूला सारून सगळा भार पंचाच्या निर्णयावर टाकला. इथून शत्रू किती शहाणा असावा हे एका माणसाच्या हातात आले. तो माणूस आपल्याच पगारावर असला की काय होते, ते मे १९४२मध्ये दिसले. मिडवेच्या मोहिमेआधी जपानी आरमाराने यामातो या युद्धनौकेवर लुटुपुटूची लढाई खेळून पाहिली. पंचाने फाशांनुसार अमेरिकन विमानांचे नऊ बॉम्ब जपानी नौकांवर पडल्याचे आणि दोन विमानवाहू नौका बुडाल्याचे जाहीर केले. त्यावर ॲडमिरल उगाकीने नवाचे तीन करून टाकले. दोनऐवजी एकच नौका बुडाली असे ठरले आणि तीही पुढच्या डावात पुन्हा तरंगू लागली. हे वैमानिक फुचिदाने नंतर लिहून ठेवले आहे. ४ जूनला खऱ्या समुद्रावरच्या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. त्यांतली कागा ही खेळात पाण्यातून वर आणलेली.

तीनास एकच्या लढाईत माणसाला जिंकवणारा मायर आणि नवाचे तीन करणारा उगाकी यांनी काम एकच केले. फरक एवढाच, की मायरला आपण खेळ विकतो आहोत हे माहीत होते.

आता आपल्या घरचा विषय. मार्च २००९मध्ये क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्लंडमधल्या कंपनीचा 'एम्पायर : टोटल वॉर' हा खेळ आला आणि मुलुंड-घाटकोपरच्या मराठी पोरांमध्ये आनंदाची लाट उसळली. कारण त्यात मराठे होते, आणि ते चालवायला मिळत होते. मुघल मात्र फक्त संगणकाच्या हाती. काळ १७०० ते १७९९, एका वर्षाला दोन चाली. मराठ्यांची राजधानी सातारा. इथेच इतिहासाच्या मास्तराची भुवई वर जाते. १७०० साल उजाडले तेव्हा सातारच्या किल्ल्याला औरंगजेबाचा वेढा पडलेला होता. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि एप्रिलमध्ये किल्ला पडला. राज्य उभे होते ते ताराबाईंच्या जिद्दीवर आणि सरदारांच्या घोड्यांवर. राजधानी नावाची वस्तू त्या वेळी फार नावापुरती होती.

पण खरी गंमत मराठे संगणकाच्या हाती दिले की दिसे. आपण इंग्लंड किंवा प्रशिया घेऊन युरोपात गुंतलेले असावे, आणि पन्नासेक वर्षांनी नकाशा उघडून पाहावा, तर सगळे हिंदुस्थान भगव्या-पिवळ्या रंगाने भरलेले. पुष्कळदा ते तिथेही थांबत नसत, इराणात घुसत. हा अनुभव जगभरातल्या खेळाडूंना आला आणि संगणकाचे मराठे हा चेष्टेचा विषय झाला. भाच्याला विचारले तर तो छाती फुगवून म्हणायचा, "मामा, अटकेपार!" मी त्याला कारणे दाखवायचो. खेळ बाजारात आला तेव्हा संगणकाच्या फौजा जहाजातून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर चढाई करू शकत नव्हत्या. ती सुधारणा त्याच वर्षी मागाहून आली. म्हणजे मराठ्यांची पश्चिम आणि पूर्व दोन्ही किनारपट्ट्यांकडची पाठ सुरक्षित. समोर मुघलांचे श्रीमंत सुभे. एक घेतला की त्याच्या महसुलावर दुसरा. जो कोपऱ्यात बसलेला आहे आणि ज्याला एकाच दिशेला लढायचे आहे, तो अशा खेळात फुगतोच. त्यात पराक्रमाचा भाग किती आणि जहाजांच्या अडाणीपणाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

समुद्राचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे ज्या बेटावर आहेत त्या साष्टीचे त्या शतकातले सगळे नशीब समुद्राने ठरवले. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट आणि साष्टी पोर्तुगीजांकडून घेतली. दोन वर्षांच्या झुंजीनंतर मे १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. आणि डिसेंबर १७७४मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टी गिळली. १७८२च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात जे फाटले त्याचा हा थेट परिणाम. 'ध'चा 'मा' झाला असो वा नसो, बोरिवलीचा मालक बदलला तो त्यामुळे. खेळाच्या नकाशात साष्टी नावाचा प्रांतच नाही. जिथे जहाजातून कोणी उतरू शकत नाही तिथे साष्टीची गरज तरी काय?

मला मात्र याहून मोठी चूक वेगळी वाटते. त्या खेळात युद्ध म्हणजे प्रांत जिंकणे. प्रांत तुमचा किंवा माझा. संगणकाच्या स्वभावाचे आकडे कितीही बारकाईने जुळवले तरी ते एवढेच सांगतात, की तो किती लवकर आणि कोणावर तुटून पडेल. खरे मराठे अठराव्या शतकात जे करत होते ते या मापात बसत नाही. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. मुलूख बादशहाचा, कारभार सुभेदाराचा, वसुलीचा चौथा हिस्सा मात्र मराठ्यांचा. १७७२मध्ये महादजी शिंदे शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर बसवायला मदत करतात आणि पुढे त्याच बादशहाचे वकील-इ-मुतलक म्हणून हुकमत चालवतात. शत्रूला न संपवता त्याच्याच नावाने राज्य करणे, हे संगणकाला शिकवायचे तर आक्रमकतेच्या आकड्याला किती द्याल? एक की दहा? खेळातला मराठा दिल्ली जिंकतो आणि बादशाही संपवतो. खऱ्या मराठ्याने दिल्ली ताब्यात घेतली आणि बादशाही सांभाळली. दोन्ही नकाशे दुरून सारखेच दिसतात.

नकाशांचेच म्हणाल तर आणखी एक घरातला नकाशा आहे. मुंबई उपनगर जिल्हा १९९०मध्ये वेगळा झाला, मायरचा खेळ यायच्या आदल्या वर्षी. या जिल्ह्याच्या एका टोकाला जुहू. १९२४मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारायला तिथे राहिले. मे १९४४मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावरही, कस्तुरबा आणि महादेवभाई यांना तिथे गमावून, ते पुन्हा जुहूच्याच समुद्रावर आले. पंधरा महिन्यांनी हिरोशिमा झाले. जुलै १९४६च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी अणुबॉम्बवर लिहिले. माणसाची सर्वांत नाजूक भावना त्या बॉम्बने बधिर केली असे त्यांचे म्हणणे होते. आणि जुहूपासून सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर, याच जिल्ह्यात, तुर्भे. होमी भाभांनी १९५४मध्ये तिथे अणुशक्ती संस्था उभारली. ४ ऑगस्ट १९५६ला 'अप्सरा' चालू झाली, १९६०मध्ये 'सायरस'. १८ मे १९७४ला पोखरणला जो स्फोट झाला त्यातले प्लुटोनियम या सायरसमधले होते. त्या चाचणीला 'हसरा बुद्ध' हे नाव रूढ झाले.

भारताच्या बॉम्बला बुद्धाचे नाव आम्ही स्वतः दिले आणि परक्याने तोच बॉम्ब गांधींच्या हाती दिला की आम्हाला हसू येते किंवा राग येतो. शेफरच्या थट्टेत मला वाईट वाटण्यासारखे काही सापडत नाही. वाईट वाटले ते २५५च्या गोष्टीचे, कारण ती एका वर्गात सत्य म्हणून शिकवली गेली आणि तीस तरुण प्रोग्रामरांनी ती वहीत उतरवून घेतली.

गेल्या मे महिन्यात भाचा मुलुंडहून सुट्टीच्या दिवशी आला होता. त्याच्या लॅपटॉपवर तो पाचवा भाग अजून आहे. मी म्हटले, मला मूळ कागद दाखव. खेळाच्या पोटात गांधींच्या नावाची एक साधी लिखित फाइल आहे, कोणालाही उघडता येते. तिच्यात स्वभावाच्या ओळी एकाखाली एक, आणि अण्वस्त्रांच्या ओळीसमोर स्पष्ट लिहिलेले बारा. राघोबादादांचा लेख असा उघडून पाहता आला असता तर! मी सांगितल्यावरून त्याने बाराचा एक केला, फाइल जतन केली आणि खेळायला बसला. मी आत जाऊन चहा घेऊन आलो. दीड-दोन तासांनी पाहतो तर त्याने डाव मोडून पुन्हा ती फाइल उघडली होती आणि एक खोडून बारा लिहीत होता.

"काय झाले?" मी विचारले.

"काही नाही मामा. मजा गेली."